दुपारची सभा: रेडिओवरचा चर्चेचा तास कसा घडतो आणि तो कुणाचा असतो

पावसाळ्यातली दुपार होती, साडेबाराचा सुमार. पुण्यात डेक्कनवरून रिक्षाने कर्वेनगरला निघाले होते. रिक्षावाल्या काकांनी एफएम लावलेला. गाणं संपलं आणि निवेदिकेने सांगितलं, खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय, भिडे पूल वाहतुकीला बंद आहे, नदीपात्रातला रस्ता टाळा. लगेच पुढचं गाणं सुरू झालं. काका समोर बघतच म्हणाले, "ताई, धरण काय एका रात्रीत भरतं का? मग आधीपासून थोडं थोडं पाणी का सोडत नाहीत? हे ठरवतं कोण?"

मला उत्तर येत नव्हतं. काकांनी दोन-तीन स्टेशनं फिरवून बघितली. सगळीकडे गाणी होती.

घरी येऊन मी उत्तर शोधलं, ते पुढे सांगतेच. पण मला जास्त लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. पूल बंद आहे एवढं त्या रेडिओवरून सांगता येत होतं. तो बंद करण्याची वेळ का आली, यावर बोलायला मात्र त्या स्टेशनला परवानगीच नाही. निवेदिकेला इच्छा नव्हती असं नाही, आपला नियमच तसा आहे. भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करता येत नाहीत. २०११ च्या धोरणात त्यांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवण्याची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना हे सगळं 'बातमी नव्हे' असं धरून मोकळं केलं गेलं. काकांनी ऐकली ती सूचना त्या मोकळ्या भागातली होती, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न बंद भागातला.

जगात बऱ्याच ठिकाणी या प्रश्नासाठी रेडिओवर एक ठरलेला तास असतो आणि तो बहुधा दुपारचा असतो. त्या तासाबद्दल हा लेख आहे.

आधी दुपारच का ते बघू. सकाळच्या बातम्यांत काय घडलं ते कळतं, पण ते कच्चं असतं. आकडे बदलत असतात, जबाबदार माणसं फोन उचलत नाहीत. संध्याकाळपर्यंत बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. दुपारी बारा-एकच्या सुमाराला पहिली माहिती हाती आलेली असते आणि निर्णय अजून व्हायचे असतात, म्हणून विचारलेल्या प्रश्नाचा काही उपयोग होण्याची शक्यता असते. बीबीसीचा 'वर्ल्ड ॲट वन' हा कार्यक्रम १९६५ पासून दुपारी एक वाजता लागतो आणि त्याचा सगळा भर बातमीमागची बाजू सांगण्यावर असतो. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेचा 'टॉक ऑफ द नेशन' १९९१ ते २०१३ अशी बावीस वर्षं चालला. देशभरातून फोन घेत रोजच्या एका विषयाची उकल करायची, असा तो शिरस्ता. शुक्रवार मात्र विज्ञानाचा होता. चालू घडामोडी आणि निखळ विचार एकाच आठवड्यात, एकाच वेळेला, त्याच श्रोत्यांसमोर मांडता येतात हे त्या शुक्रवारांनी दाखवून दिलं.

दुसरं कारण श्रोत्यांचं. दुपारी ज्यांचे हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात अशी माणसं शहरात फार असतात. रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या बाया, सोसायटीचे वॉचमन, इस्त्रीवाले, जेवणाचे डबे भरणाऱ्या, घरी आजारी माणसाजवळ बसलेले. यांतल्या कुणालाही त्या वेळी पडद्याकडे बघता येत नाही. त्यांच्यासाठी विचार करण्याची जागा म्हणजे रेडिओच.

तास कसा उभा राहतो

समजा, पुण्यात असा तास रोज दुपारी साडेबाराला लागतो आणि आजचा विषय काकांचाच प्रश्न आहे. सकाळी नऊला निर्मात्याच्या हाती दोन-तीन पानांचं टिपण असायला हवं. टिपण कुठल्या एका बाजूचं नको. 'नेमका वाद कुठे आहे' हे त्यात लिहिलेलं हवं. माझ्या मते सगळ्या तासाचा जीव याच टिपणात असतो, आणि श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्या टिपणात काय निघेल? पुण्याला पाणी देणारी धरणं चार. वरसगाव १२.८२ टीएमसीचं, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि शहराला सगळ्यांत जवळचं खडकवासला अवघं १.९७. चारही मिळून २९.१५ टीएमसी. मोठी धरणं वर आहेत आणि त्यांचं पाणी खाली येतं ते या सगळ्यांत लहान भांड्यात. म्हणजे 'धरण एका रात्रीत भरत नाही' हे काकांचं म्हणणं पानशेतच्या बाबतीत खरं, खडकवासल्याच्या बाबतीत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सेकंदाला ३५ हजार घनफूट, म्हणजे ३५ हजार क्युसेक पाणी येत राहिलं, तर पूर्ण रिकामं खडकवासलासुद्धा सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. आणि जुलैच्या शेवटी ते रिकामं कुठून असणार?

मग आधीच रिकामं का ठेवत नाहीत? कारण हेच पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं असतं. जुलैत सोडून दिलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर उन्हाळ्यात टँकर लागतील. म्हणून कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याचं एक वेळापत्रक ठरवलेलं असतं आणि जलसंपदा विभागाचे अभियंते त्याच्या आधाराने दरवाजे उघडतात. एका बाजूला पूर, दुसऱ्या बाजूला टंचाई. रोजचा निर्णय या दोन भीतींच्या मध्ये घ्यायचा असतो. इथपर्यंत माहिती झाली. चर्चा यापुढे सुरू होते: वेळापत्रक पावसाच्या नव्या स्वभावाला धरून आहे का? विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठच्या माणसाला किती तास आधी कळतं? २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा शहरभर हाच प्रश्न विचारला जात होता.

आता पाहुणे. दोन भांडखोर माणसं समोरासमोर बसवली की कार्यक्रम रंगतो असा समज टीव्हीने करून दिला आहे. रेडिओच्या तासाला ते मानवत नाही. नुसता आवाज ऐकणाऱ्याला तिघे एकदम बोलायला लागले की काहीच कळत नाही. तिथे एक माणूस असा हवा, ज्याला यंत्रणा आतून माहीत आहे, दुसरा असा, ज्याने नदी अभ्यासली आहे, आणि तिसरा असा, ज्याच्या घरात पाणी शिरलं आहे. या तिसऱ्याला 'पीडित' म्हणून दोन मिनिटं बोलवून घालवून द्यायचं नसतं. पाणी किती वाजता पायरीला लागलं हे त्याच्याइतकं नक्की कुणालाच सांगता येत नाही.

'दोन्ही बाजू' या शब्दाचाही इथे नीट विचार करायला हवा. धरणात किती पाणी होतं याला दोन बाजू नसतात. तो आकडा नोंदवहीत असतो. ते पाणी कधी सोडायला हवं होतं, याला दोन काय, चार बाजू असू शकतात. चांगला निवेदक या दोहोंत गल्लत करत नाही. तथ्यावर दोन मतं मागून त्याला खोटा समतोल साधायचा नसतो, आणि मताला तथ्याचा शिक्काही मारायचा नसतो.

कानाने ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. त्यामुळे बोलण्याची काही पथ्यं पडतात. एका वाक्यात एकच आकडा, तोही हाताला लागेल असा. '३५ हजार क्युसेक' म्हटलं की श्रोता हरवतो. 'दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर नदीत रिकामे होतायत' म्हटलं की इस्त्री क्षणभर थांबते. टीएमसीचंही तसंच. पन्नास लाख माणसांना रोज माणशी दीडशे लिटर पाणी द्यायचं ठरवलं तर एक टीएमसी साधारण अडतीस दिवस पुरेल, हा हिशेब रस्त्यावरच्या कुणालाही समजतो. पाहुण्यांची नावं आणि ओळख दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा सांगावी लागते, कारण कुणी आत्ताच रिक्षा सुरू केलेली असते. भाषण लिहून आणलं असेल तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जाऊ नये. त्याहून वेगाने वाचलं की ऐकणाऱ्याच्या मनात काही उतरत नाही.

आणि मग फोन. पहिली वीस मिनिटं फोन न घेतलेले बरे, तोवर विषय सगळ्यांच्या समोर नीट मांडला गेला पाहिजे. फोन थेट हवेत जात नाही. आधी एक सहायक तो घेतो, नाव-गाव विचारतो, प्रश्न काय आहे ते ऐकून घेतो आणि निवेदकाला समोरच्या पडद्यावर एका ओळीत कळवतो. थेट कार्यक्रम काही सेकंद उशिराने प्रक्षेपित करायची सोयही असते. कुणी शिवी दिली किंवा कुणाची बदनामी केली तर तेवढ्या सेकंदांत ते कापता येतं. या निवडीची सगळ्यांत अवघड बाजू अशी की पहिले फोन नेहमी त्याच त्या लोकांचे येतात, ज्यांच्याकडे वेळ आणि ठाम मत दोन्ही आहे. ज्याला खरंच काही माहीत आहे तो संकोचतो, उशिरा फोन करतो. इंदापूरचा शेतकरी, ज्याच्या शेताला याच धरणाच्या कालव्याचं पाणी येतं, तो शहरातल्या लोकांचं बोलून होईपर्यंत थांबतो. त्याचा फोन लागेपर्यंत तास थोडा तरी शिल्लक ठेवणं हे निर्मात्याचं कौशल्य आहे.

'सार्वजनिक' म्हणजे कुणाचा

अशा रेडिओला सार्वजनिक रेडिओ म्हणतात. हा शब्द आपल्याला सरकारी वाटतो, पण पुण्यात त्याचा अर्थ बराच वेगळा रुजला होता. १८७० साली इथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. हा माणूस आमच्या वतीने बोलेल, असं पन्नास जणांनी लिहून द्यायचं. पहिले ९५ सभासद असेच, सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने आले. गणेश वासुदेव जोशी यांनी या कामात स्वतःला इतकं वाहून घेतलं की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. तेव्हा 'सार्वजनिक' म्हणजे सरकारचा नव्हे, आणि मोकळा पडलेला, कुणाचाच नसलेलाही नव्हे. ज्यांच्या वतीने बोलायचं त्यांना उत्तर देणं लागणारा.

मला राहून राहून आनंद वाटतो तो एका योगायोगाचा. आकाशवाणीत दिवसाच्या प्रसारणाच्या भागांना 'सभा'च म्हणतात. पहिली सभा, दुपारची सभा, रात्रीची सभा.

रेडिओच्या बाबतीत उत्तर देण्याचा प्रश्न पैशापाशी आणि कायद्यापाशी येऊन थांबतो. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणारं घर दरवर्षी परवाना शुल्क भरतं आणि त्यातून बीबीसीचा रेडिओही चालतो. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणाला सरकारी निधी मिळू लागला, पण तिथल्या स्टेशनांना श्रोत्यांच्या वर्गणीचाही मोठा आधार असतो. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेने आधी मंजूर केलेला दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला, तेव्हा लहान गावांतल्या स्टेशनांसमोर जगण्याचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडेही कधीकाळी रेडिओचं लायसन्स होतं. घरातलं कुणीतरी ते पोस्टात जाऊन भरत असे. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं आणि आपण रेडिओला थेट पैसे देणारे राहिलो नाही. आज आकाशवाणी प्रसार भारतीच्या हाती आहे. तिचा खर्च केंद्र सरकारचं अनुदान आणि जाहिरातींचं उत्पन्न यांतून भागतो.

कायदा मात्र आपला मोठ्या मनाचा आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय की सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क या संस्थेने जपायचा आहे, आणि परस्परविरोधी मतं मांडायची आहेत, स्वतःचं कुठलंच मत किंवा विचारसरणी पुढे न रेटता. दुपारच्या तासाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. वाद क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण निकाल त्याच्या फार पुढे गेला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीही नको, तिचं नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने लोकांच्या हितासाठी करावं, असा त्याचा आशय. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. ज्या शहरात 'सार्वजनिक' शब्दाला मुखत्यारपत्राचा अर्थ आला, त्या शहराशी त्यांचंही नातं असावं याचं मला अप्रूप वाटतं.

पुण्याकडे काय आहे

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. इथून प्रसारित होणारं सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं प्रादेशिक बातमीपत्र महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचं घड्याळ होतं. सुधा नरवणे यांचा आवाज ऐकत ज्यांनी शाळेचं दप्तर भरलं, ते आज आजी-आजोबा आहेत. २०२३ च्या जूनमध्ये इथला वृत्त विभाग हलवण्याचा निर्णय झाल्याचं कळल्यावर शहरातून विरोध झाला आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. म्हणजे या शहराला आपला आवाज हवा आहे.

या केंद्राकडे आणखी एक शक्ती आहे, तीही दुपारचीच. पुणे केंद्राची मीडियम वेव्ह लहर वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झची. हडपसरचा 'आकाशवाणी' हा बसस्टॉप तिथल्या प्रक्षेपणाच्या जागेमुळे ओळखला जातो. या लहरीची लांबी जवळपास ३८० मीटर असते, एफएमची जेमतेम तीन मीटर. एफएम सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की अडते. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, घाट-टेकड्या ओलांडून दूर पोचते. रात्री तीच लहर आकाशातल्या वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरते, म्हणून रात्री रेडिओवर दूरची स्टेशनं एकमेकांत घुसतात. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात तयार होणारा एक थर तिला वर जाताना शोषून घेतो, दूरची गडबड गप्प होते. भर दुपारी मीडियम वेव्हवर आपल्या टापूचं स्टेशन सर्वांत स्वच्छ ऐकू येतं. पुण्याचा माणूस आणि त्याच धरणाचं पाणी पिणारा दौंड-इंदापूरचा माणूस एकाच सभेत बसू शकतात, ते असे.

अडचणीही आहेतच. मोबाईलवर मीडियम वेव्ह लागत नाही, त्यासाठी 'न्यूज ऑन एअर' हे ॲप घ्यावं लागतं आणि तिथे डेटा खर्च होतो. आरोग्यावर, शेतीवर फोन-इन कार्यक्रम आकाशवाणीने पुष्कळ केले आणि ते चांगले झाले. पण आपल्या शहराच्या ताज्या, कडू प्रश्नावर रोज दुपारी तासभर, असा परिपाठ पडलेला नाही. त्याचं एक कारण आकाशवाणीची जुनी आचारसंहिता असावी असं मला वाटतं. कुठल्या पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, केंद्रावर किंवा राज्यावर शत्रुत्वाची टीका करायची नाही, अशी ती पथ्यं. प्रक्षोभ टाळण्यासाठी ती ठीक आहेत. मात्र त्यांच्या धाकाने साधा प्रश्नही विचारायचा राहतो. 'दरवाजे कुणी उघडले, किती वाजता उघडले' हे विचारणं म्हणजे शत्रुत्व नव्हे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' आहे, एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचा रेडिओ आहे. ही कम्युनिटी रेडिओ केंद्रं. त्यांची शक्ती शंभर वॅटची, म्हणजे काही किलोमीटरच्या परिघापुरती, आणि स्वतःच्या बातम्यांची बंदी त्यांनाही लागू आहे.

विचारांच्या बाजूने मात्र पुण्याला कुणाकडून शिकायची गरज नाही. वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि आजही उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात माणसं महिनाभर रोज एक विषय ऐकायला जाऊन बसतात. त्या सभागृहात यायला संध्याकाळ मोकळी लागते आणि गुडघे धड लागतात. तेच व्याख्यान पंचवीस मिनिटांचं करून, उरलेल्या वेळात वक्त्याला फोनवरून प्रश्न विचारता आले, तर रास्ता पेठेत शिवणयंत्रावर बसलेली बाई रानड्यांच्या परंपरेत प्रश्न विचारेल. तिला आज कुणी विचारत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली की खासगी एफएमला बातम्या आणि चालू घडामोडींना परवानगी द्यावी, पण दर तासाला जास्तीत जास्त दहा मिनिटं. बंदीपेक्षा ते केव्हाही बरं, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. फक्त आपला पाण्याचा तास त्या मापाने मोजून बघा. दहाव्या मिनिटाला निवेदक अजून चार धरणांची बेरीज सांगत असतो. रिक्षावाल्या काकांचा फोन लागायला विसावं मिनिट उलटावं लागतं, आणि इंदापूरच्या शेतकऱ्याचा लागतो पस्तिसाव्या मिनिटाला.